सात दिवसांत पाच दऱ्या आणि सासूबाईंचा ‘खोळंबा’

पत्र : ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून मे महिन्यात आले आहेत, ऑक्टोबरअखेर परत जातील. सासरे ७२ वर्षांचे, एसटीत चालक होते. मधुमेह आणि रक्तदाब आहे, इन्सुलिन चालू आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. मुलं ११ आणि ६ वर्षांची. नवऱ्याने जूनच्या शेवटच्या आठवड्यात सहल आखली आहे : विमानाने लास व्हेगास, तिथून भाड्याची गाडी, मग युटा आणि ॲरिझोना राज्यांतले झायन नि ब्राइस हे नॅशनल पार्क, पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि परत व्हेगास. सात दिवस, रोज नवं हॉटेल. सासूबाई म्हणतात, “तुम्ही जाऊन या, आमच्यामुळे तुमचा खोळंबा नको.” नवरा चिडतो, म्हणतो, “त्यांच्यासाठीच तर चाललोय!” दोघांच्या मधे मी. त्यांना न्यावं की नको?

उत्तर : न्या. नक्की न्या. पण हा बेत घेऊन नका नेऊ.

सासूबाईंचं वाक्य तुम्ही नकार म्हणून ऐकलंत, नवऱ्याने बहुधा कृतघ्नपणा म्हणून ऐकलं. मला त्यात भीती ऐकू येते. त्यांनी नवऱ्याचा सहलीच्या आखणीचा कागद पाहिला असेल किंवा फोनवरचं तुमचं बोलणं कानावर पडलं असेल. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज नवी न्हाणी, नवे जिने, अनोळखी पलंग आणि या सगळ्यात आपला पाय मागे पडणार, हे त्यांना दिसतंय. त्यांना दऱ्या बघायच्या नाहीत असं नाही. आपल्यामुळे पाच माणसं थांबली आहेत, ते दृश्य त्यांना बघायचं नाही.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण मी ते एकदा ओळखलं नव्हतं. माझे आई-बाबा आले होते तेव्हा आम्हीही असाच भरगच्च बेत केला होता. तिसऱ्या दिवशी पेजजवळच्या हॉर्सशू बेंडला पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गाडीतळापासून कड्यापर्यंत जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटर चालावं लागतं. रस्ता चांगला केलेला आहे, पण झाड औषधालाही नाही. कड्यावर पोहोचलो, खाली तीनशे मीटरवर नदीचा तो हिरवा वळसा, मी फोटो काढत होते आणि मागे आई कठड्याला धरून हळूहळू खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. एका अनोळखी कुटुंबाने तिच्यावर छत्री धरली, कुणी खारी बिस्किटं दिली. नंतर कळलं, तिने सकाळपासून दोन घोट पाणी प्यायलं होतं. का? तर “सारखी गाडी थांबवायला सांगायची तुम्हाला?” आदल्या दिवशी मी एकदा, फक्त एकदा, म्हणाले होते की असं थांबत राहिलो तर सूर्यास्त चुकेल.

म्हणून या सहलीत पहिली गोष्ट ठरवा : दर सव्वा ते दीड तासाने गाडी थांबणार, कुणी मागो वा न मागो. ‘कुणाला जायचंय का?’ असं विचारूच नका. आपल्याकडची वडीलधारी माणसं त्याला ‘नाही’ म्हणतात. एसटी जशी डेपोत थांबते तशी थांबायची. सासऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मधुमेहात लघवीला वारंवार लागते, त्यामुळे त्यांनाही हायसं वाटेल. या भागात गावं लांब-लांब आहेत. पेट्रोल पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरा, आणि तेवढ्यात सगळे उतरतील.

आता नवऱ्याचा कागद घेऊ. किलोमीटरच्या हिशेबात तो चुकलेला नाही. व्हेगास ते झायन अडीच-तीन तास, झायन ते ब्राइस दोन, ब्राइस ते पेज अडीच-तीन, पेज ते मॉन्युमेंट व्हॅली दोन-सव्वादोन, तिथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ तीन-सव्वातीन, आणि शेवटी व्हेगासला परत साडेचार. एकेक आकडा सोसवेल असा आहे. पण त्यात उन्हाचा आणि उंचीचा हिशेब कुठेच नाही, आणि त्या प्रदेशात प्रवास किती सोसेल ते याच दोन गोष्टी ठरवतात.

जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचा कळस. पावसाळी ढग जुलैत येतात, त्याआधीचे हे सर्वांत कोरडे, तापलेले दिवस. झायनची दरी साधारण बाराशे मीटरवर आहे. तिथे आणि पेजला पारा चाळिशीच्या आसपास असतो. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ मात्र एकवीसशे मीटरवर आणि ब्राइसचा काठ चोवीसशे ते सत्तावीसशे मीटरवर. तिथे त्याच दिवशी दहा-बारा अंश कमी. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक सासूबाईंना माहीत आहे. तोच इथे कितीतरी मोठ्या मापाने आहे. थोडक्यात, जूनमध्ये जायचंच असेल तर उंचावरच्या जागा निवडा.

पण तुम्हाला जूनच कशाला हवा? सासू-सासरे ऑक्टोबरअखेरपर्यंत आहेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी पुष्कळ शाळांना कोलंबस दिनाची सुट्टी असते. तिला जोडून मुलांची तीन दिवसांची रजा मागा. मुलांचे तीन दिवस बुडाले तर मला त्याचं काहीच वाईट वाटणार नाही, हे उघड सांगते. तेव्हा ऊन मवाळ असतं, गर्दी उन्हाळ्यापेक्षा कमी, पावसाळी पुरांचा काळ सरलेला. फक्त ब्राइसला आणि ग्रँड कॅन्यनला रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घ्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना ती थंडी बाधेल, पण गरम कपड्यांनी थंडी आवरता येते. चाळीस अंशांच्या उन्हावर तसा उपाय नाही.

मुक्कामांचं असं करा : सहाचे दोन. युटात कनाब नावाचं छोटं गाव आहे, तिथे स्वयंपाकघर असलेलं, पायऱ्या नसलेलं भाड्याचं घर तीन-चार रात्री घ्या. तिथून झायन तासाभरावर, ब्राइस दीड तासावर, पेज सव्वा तासावर. बॅगा एकदाच उघडायच्या. सासूबाईंना सकाळी स्वतःच्या हाताचा चहा मिळेल आणि एखाद्या दिवशी “मी आज घरीच बसते” असं त्यांना मान ताठ ठेवून म्हणता येईल. हॉटेलच्या खोलीत बसून राहणं आणि घरी राहणं यांत फार फरक आहे. त्यानंतर दोन रात्री ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, जमल्यास पार्कच्या आतल्या लॉजमध्ये. ती लवकर भरतात, म्हणून हे बुकिंग सर्वांत आधी करा आणि तळमजल्यावरची खोली मागून घ्या.

मॉन्युमेंट व्हॅली या खेपेला वगळा. ती जागा मला फार प्रिय आहे, तरीही म्हणते. तिच्यापायी पाच तासांचं ड्रायव्हिंग पदरात पडतं, आणि आतली २७ किलोमीटरची फेरी कच्च्या, खडबडीत रस्त्याची आहे. गुडघे आणि कंबर दुखणारं माणूस तिथे फक्त हादरे मोजतं.

झायनला सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. खरं तर सगळ्या सहलीतच पुढची सीट त्यांची. पूर्वेकडून झायनमध्ये उतरताना लाल खडकातून वळणं घेत रस्ता जातो आणि १९३० साली पुरा झालेला एक बोगदा लागतो, जवळजवळ १.८ किलोमीटर लांब. उजेड-वाऱ्यासाठी कड्याच्या बाजूला खिडक्या फोडलेल्या आहेत, त्यांतून क्षणभर दरी दिसते आणि जाते. ज्या माणसाने खंबाटकीचा घाट एसटी घेऊन असंख्य वेळा उतरला आहे, त्याला हा रस्ता कसा बांधला असेल याबद्दल आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळणार आहे. त्यांना बोलू द्या. मुलांना ऐकू द्या. दरीच्या आत मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना मज्जाव असतो, शटल बसने जायचं. तिच्या शेवटच्या थांब्यावरून नदीकाठाने जाणारी ‘रिव्हरसाइड वॉक’ ही फरसबंद वाट जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर आहे, पण सासूबाईंना पहिल्या पाच मिनिटांतच वाहतं पाणी आणि सावली भेटेल. तिथेच बसा. मुलं आणि त्यांचे बाबा पुढे जाऊन येतील.

ब्राइसला सनराइज पॉइंट आणि सनसेट पॉइंट यांच्यामधला काठाचा अर्धा मैल सपाट आणि फरसबंद आहे. खाली उतरायची गरज नाही, सगळं वरूनच दिसतं. फक्त उंचीमुळे चालताना धाप लागू शकते. हळू चाला, बोलत चाला, बोलताना दम लागला की थांबा.

पेजच्या अँटेलोप कॅन्यनबद्दल नवऱ्याचा आग्रह असणार. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ती नाव्हाहो या मूळ अमेरिकन लोकांची भूमी आहे, त्यांच्या परवानाधारक वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. लोअर अँटेलोपला लोखंडी शिड्या आहेत, तो सासूबाईंसाठी नाहीच. अप्परला आत जमीन सपाट आहे, पण परतीच्या वाटेवर चढ-पायऱ्या किती, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. आणि त्या चिंचोळ्या घळीत पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, वाटाड्याने ‘आज नाही’ म्हटलं तर हुज्जत घालू नका. ऑगस्ट १९९७ मध्ये तिथे ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता मैलोन्‌मैल दूर, त्यांच्या डोक्यावर नव्हे. सांदण दरीत पावसाळ्यात का उतरायचं नाही, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

तुम्ही चौघं तिथे जाल तेव्हा सासू-सासऱ्यांनी उन्हात थांबायचं नाही. पेजला लागूनच ग्लेन कॅन्यन धरण आहे. त्याच्या कडेला वातानुकूलित माहिती केंद्र आहे, काचेतून भिंत आणि पूल समोर दिसतात. भिंतीची उंची २१६ मीटर. कोयनेची १०३. सातारच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचे दोन तास कुठे गेले ते कळणार नाही. हॉर्सशू बेंड करायचाच असेल तर सकाळी आठला करा. एक वाजता नको.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा, भल्याभल्यांची तिकिटं यात बुडतात. युटात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ॲरिझोनात करत नाहीत. ॲरिझोनातल्या नाव्हाहो प्रदेशात मात्र पुन्हा करतात. कनाब युटात, पेज ॲरिझोनात. अँटेलोपची वेळ पेजच्या घड्याळाची. फोन आपोआप वेळ बदलत राहतो आणि गोंधळ वाढवतो. सासऱ्यांचं मनगटी घड्याळ ॲरिझोनाच्या वेळेवर लावून द्या आणि वेळापत्रक त्यांच्या ताब्यात द्या. ते काम त्यांनी आयुष्यभर केलं आहे.

ग्रँड कॅन्यनवर मला जरा रेंगाळायचं आहे, तुम्हीही तिथेच रेंगाळा. दोन रात्री म्हणजे दोन सूर्यास्त आणि दोन सूर्योदय. ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून खोल अशी ती दरी एका दृष्टिक्षेपात मावतच नाही. पहिल्यांदा बघताना रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट वाटते. तासभर एका जागी बसलं की सावल्या सरकतात आणि मग खोली उलगडू लागते. धावतपळत पाच पॉइंट बघणाऱ्याला ती खोली दिसतच नाही. म्हणून म्हणते, ही दरी बघण्याची उत्तम रीत तीच आहे जी सासूबाईंच्या गुडघ्यांना परवडते : बाक गाठायचा, शाल घ्यायची, बसायचं. तिथे त्यांच्यामुळे कुणाचा खोळंबा होणार नाही. उलट त्यांच्यासोबत जो बसेल, त्यालाच दरी दिसेल.

काठावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची फरसबंद वाट आहे. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेत दरीतल्या प्रत्येक थराचा दगड मांडलेला आहे, हात लावून बघता येतो. मोठ्या मुलाला हे काम द्या : आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तर तो या वाटेवर कुठे येईल? तो ६५-६६ मीटर मोजेल. आणि दरीच्या काठाचा सर्वांत वरचा, सर्वांत ‘तरुण’ चुनखडीचा थर तब्बल २७ कोटी वर्षांचा, हे आजोबांना जाऊन सांगेल. तळाचा खडक १७०-१८० कोटी वर्षांचा आहे, आणि त्याचं नाव ‘विष्णू शिस्ट’. होय, आपला विष्णू. क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायची प्रथा पाडली. विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल ही शिखरं आजही नकाशावर आहेत. सासूबाईंना हे आधी सांगू नका, तिथे बसल्यावर सांगा.

धाकट्याला माहिती केंद्रातून ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका घेऊन द्या. ती फुकट मिळते; त्यातली कामं पूर्ण केली की रेंजर शपथ देतात आणि बिल्ला लावतात.

काठावरचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर फक्त शटल बसला खुला असतो. पण ज्यांना चालता-चढता येत नाही त्यांच्या गाडीला तिथे जायचा परवाना मिळतो, प्रवेशद्वारावर किंवा माहिती केंद्रात मागायचा. सासूबाईंसाठी निःसंकोच मागा. व्हीलचेअरही मिळते. त्या ‘मला काय झालंय’ म्हणतील, म्हणा, “बॅगा ठेवायला होईल.” आणि दरीत खाली उतरण्याचा मोह नवऱ्याने आवरावा. उतरणं सोपं असतं, चढण नंतर येते. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खाली चालू नका, असं पार्कचे लोक कळकळीने सांगतात.

औषधांचं. निघण्याआधी सासऱ्यांच्या डॉक्टरांशी बोला. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, उन्हात त्यांचा डोस कसा ठेवायचा ते त्यांनीच सांगायला हवं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन गरगरतं, पण मधुमेह-रक्तदाब असताना मीठ-साखरेचं पाणी किती चालेल, हाही प्रश्न त्यांनाच विचारा. बंद गाडी अर्ध्या तासात भट्टी होते. इन्सुलिन गाडीत ठेवायचं नाही, थंड पाऊचमध्ये खांद्याला. प्रवासी विमा आहे ना, आणि त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे पॉलिसी उघडून वाचा.

पैशांचं थोडक्यात : जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या, सोळा वर्षं आणि त्यापुढच्या पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस इथे माणशी १०० डॉलर जादा शुल्क लागू झालं आहे, आणि वार्षिक पासचे दरही निवासी व बिगरनिवासी असे वेगळे झाले आहेत. कोणाच्या नावाने कुठला पास घ्यायचा, ते नियम वाचून निघण्याआधी ठरवा. सासऱ्यांना तो आकडा गेटवर ऐकू येऊ देऊ नका, नाहीतर ते गाडीतून उतरणार नाहीत. नाव्हाहो प्रदेशातल्या जागांना हा पास चालत नाही.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही सगळ्यांची वयं आणि दुखणी लिहिलीत, स्वतःबद्दल एक शब्द नाही. या सहलीत डबे कोण करणार? सासऱ्यांची पथ्याची वेळ कोण सांभाळणार? मला उत्तर माहीत आहे, म्हणून विचारते. कनाबच्या घरात एक कुकर, मेतकूट, लोणचं, डाळ-तांदूळ पुरे. दशम्या आणि चिवडा डॅलसहून न्या. आणि गाडी भाड्याने घेताना दुसरी चालक म्हणून तुमचं नाव घाला. तुम्ही गाडी चालवाल तेव्हा मागच्या सीटवर मुलांची भांडणं आणि वडिलांच्या गोळ्या नवरा बघेल. अंधार पडल्यावर मात्र कुणीच चालवू नका, रस्त्यावर हरणं आणि गुरं येतात. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, रेंज जाते. नकाशाने कच्च्या रस्त्याचा जवळचा मार्ग सुचवला तर ऐकू नका. ते रस्ते पावसाने चिखल होतात आणि गाडी रुतते.

नवऱ्याला हे उत्तर वाचून दाखवण्याआधी एक करा. रात्रीची जेवणं झाली की टेबलावर मोठा नकाशा पसरा आणि सासऱ्यांच्या हातात पेन्सिल द्या. “बाबा, रोज किती तास गाडी चालवणं बरोबर, कुठे थांबायचं, तुम्हीच आखा.” नवरा त्यांच्याशी हुज्जत घालणार नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत असतील. पाण्याचं आणि थांब्यांचं ठरेल तेव्हा त्यांना बाहेर बोलवा.